कान देऊन : फकीर, साहिब आणि बटाट्याचं शाक

गेल्या महिन्यात गझलेवर लिहिलं तेव्हा दोन-तीन जणांनी कळवलं, "जरा आमच्या पिढीचंही काहीतरी लिही." त्यांची आधीच माफी मागतो. या वेळची रेकॉर्ड १९६३ सालची आहे, म्हणजे तुमच्या पिढीची नाही आणि माझीही नाही. पण ती ऐकताना जे झालं ते तुमच्या-माझ्या पिढीचं आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. रात्री दीड वाजता ऑफिसचं रिलीज चालू होतं, पलीकडे अमेरिकेतली माणसं आणि अलीकडे मी, थंड चहा आणि हेडफोन. बिल्ड होईपर्यंत वीस मिनिटं नुसतं बसून राहायचं असतं. अ‍ॅपवर काहीतरी जॅझ लावून ठेवलं होतं. एक गाणं संपलं आणि पुढचं आपोआप सुरू झालं. थोडा सापवाल्याच्या पुंगीचा, थोडा हेरगिरीच्या सिनेमाचा भास, आणि त्यावर काचेच्या पेल्यांवर कोणीतरी हलकेच काठी मारावी तसा आवाज. नाव पाहिलं तर 'द फकीर'! त्याच रेकॉर्डवर पुढे 'साहिब'. मला एकट्याला हसू फुटलं. म्हटलं, घ्या, गोऱ्यांचा हिंदुस्थान सुरू झाला! आता हत्ती कधी येतो तेवढं बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांना (वडिलांना आम्ही नाना म्हणतो) ऐकवलं. त्यांनी बँकेची नोकरी सांभाळून अनेक वर्षं तबला शिकलेला आहे. विनोद सांगावा तशा थाटात मी म्हणालो, "नाना, ऐका, यांना भारतीय संगीत असं वाटतं!" नाना हसले नाहीत. खुर्चीच्या हातावर बोटं चालू ठेवून त्यांनी पूर्ण तुकडा ऐकला आणि विचारलं, "हा वाजवणारा कुठला? हात फार हलका आहे रे त्याचा."

मला उत्तर देता आलं नाही. मग शोधलं.

वाजवणारा कुठला?

वाजवणाऱ्याचं नाव कॅल जेडर. रेकॉर्डचं नाव 'सेव्हरल शेड्स ऑफ जेड', म्हणजे जेड या हिरव्या रत्नदगडाच्या अनेक छटा. कंपनी व्हर्व, निर्माता क्रीड टेलर. एलपीच्या दोन बाजूंवर मिळून नऊ रचना आहेत, 'फकीर'पासून 'हॉट साके'पर्यंत.

जेडर १९२५ साली सेंट लुइस इथे जन्मला. घराणं स्वीडिश वंशाचं. आईवडील दोघेही रंगमंचावरचे कलाकार, वडील टॅप डान्स करायचे आणि आई पियानो वाजवायची. पुढे त्यांनी कॅलिफोर्नियात सॅन मटेओला नाचाची शाळा काढली. त्यामुळे पोराच्या पायात ताल आधी आला आणि हातात वाद्य नंतर. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता, पॅसिफिकच्या आघाडीवर. परत आल्यावर कॉलेजात त्याची गाठ पडली डेव्ह ब्रूबेकशी, आणि सुरुवातीच्या ब्रूबेक त्रयीत तो ड्रम वाजवायचा. हाच ब्रूबेक १९५८ साली भारतात येऊन मुंबई-कलकत्त्यापर्यंत वाजवून गेला आणि घरी गेल्यावर त्याने 'कॅलकटा ब्लूज' केलं.

१९५३ मध्ये जेडर जॉर्ज शिअरिंगच्या वाद्यवृंदात गेला. तिथे बासवादक अल मॅकिबन होता, जो आधी डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदात क्युबाच्या चानो पोझोसोबत वाजवलेला माणूस. न्यूयॉर्कला गेले की मॅकिबन जेडरला माचितो आणि तीतो प्वेंते यांचे वाद्यवृंद ऐकायला घेऊन जायचा. तिथे या स्वीडिश वंशाच्या पोराला क्युबन तालांचं जे वेड लागलं ते कायमचं. १९५४ साली त्याने नोकरी सोडून स्वतःचा मॅम्बो वाजवणारा संच उभा केला. काही वर्षांनी मोंगो सांतामारिया आणि विली बोबो हे दोन जबरदस्त तालवादक तीतो प्वेंतेला सोडून त्याच्याकडे आले. ज्यांच्या घरचा हा ताल होता ती माणसं याच्या शेजारी बसून वाजवायला तयार झाली, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

रेकॉर्डचा दुसरा धनी म्हणजे संगीत-संयोजक लालो शिफ्रिन. हे नाव माहीत नसेल, पण त्याचं काम तुम्ही हजार वेळा ऐकलंय. 'मिशन इम्पॉसिबल'ची धून त्याचीच, १९६६ची. ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'चं संगीतही त्याचंच. जन्म ब्यूनस आयर्सचा, वडील तिथल्या नामांकित ऑपेराच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक. शिकला पॅरिसला. दिवसा कॉन्झर्व्हेटरी आणि रात्री जॅझचे क्लब. पुढे डिझी गिलेस्पीसाठी लिहू लागला आणि अमेरिकेत स्थिरावला. २०२५च्या जूनमध्ये गेला.

'मिशन इम्पॉसिबल' म्हटल्यावर नाना पुन्हा सरसावले. "लाव." लावलं, मूळ टीव्ही मालिकेची धून. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "दहा मात्रा आहेत रे. आपला झपताल, फक्त खंड वेगळे." खरंच आहे. झपताल म्हणजे २-३-२-३, आणि ही धून ३-३-२-२. तुम्हीही मोजून बघा. १९९६च्या सिनेमासाठी त्या धुनेची नवी आवृत्ती निघाली तेव्हा नाचायला सोपं जावं म्हणून ती चार मात्रांत बसवली. मजा तिथेच गेली, असं नानांचं मत. मी वाद घातला नाही.

काचेचा नाही, अ‍ॅल्युमिनियमचा

आता त्या काचेसारख्या आवाजाबद्दल. वाद्याचं नाव व्हायब्राफोन. पियानोच्या पट्ट्यांसारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या, साधारण तीन सप्तकं, आणि हातात दोऱ्याने गुंडाळलेल्या मुठीच्या काठ्या. जलतरंग माहीत असेल तर कल्पना येईल, फक्त वाट्यांऐवजी पट्ट्या आणि पाण्याऐवजी यंत्र.

यंत्र असं. प्रत्येक पट्टीखाली त्या स्वराच्या मापाची नळी असते, ती आवाज वाढवते. नळीच्या तोंडाशी एक गोल चकती असते आणि सगळ्या चकत्या एका दांड्यावर बसवून विजेच्या मोटरने फिरवतात. चकती आडवी आली की नळी बंद, उभी झाली की उघडी. त्यामुळे वाजलेला स्वर लहान-मोठा, लहान-मोठा होत लहरत राहतो. लहानपणी टेबलफॅनसमोर तोंड नेऊन आपण "आऽऽऽ" करायचो ना? तत्त्व जवळपास तेच, फक्त इथे परिणाम सुंदर होतो. मोटरचा वेग कमी-जास्त करता येतो आणि बंदही ठेवता येते. खाली पायाशी पेडल असतं. दाबलं की स्वर घुमत राहतो, सोडलं की लगेच थांबतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत हे वाद्य घडलं, म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात.

या वाद्याची एक मोठी अडचण आहे, आणि आपल्या कानाला ती लगेच कळते. मींड नाही! सा वरून रे वर घसरत जाता येत नाही. पट्टीवर मारा, पुढची पट्टी घ्या. पेटीचं जे दुखणं तेच याचं. मग वाजवणारा करतो काय? काही जण अडचण झाकायला भराभरा स्वर ओततात. जेडर उलटं करतो. कमी वाजवतो. एक स्वर मारतो, तो लहरत विरू देतो आणि मग दुसरा. नानांना जो "हलका हात" ऐकू आला तो हाच.

आणि हो, हा आवाज आपल्याला अगदीच अनोळखी नाही. पन्नास-साठच्या दशकातली हिंदी गाणी आठवा. मुंबईच्या स्टुडिओत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट असे गोव्याकडचे वादक आणि संयोजक बसलेले असायचे. त्यांपैकी अनेकांचे हात हॉटेलांतल्या जॅझ बँडवर तयार झालेले होते. केर्सी लॉर्डसारखे पारशी वादक होते, त्यांचे वडील कावस लॉर्ड यांनी बोंगो-कोंगासारखी लॅटिन तालवाद्यं आपल्या गाण्यांत रुळवली. आणि या सगळ्यांकडून काम करून घेणाऱ्यांत आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्रही होते. 'अलबेला' (१९५१) ऐका, मग जेडर परका वाटणार नाही.

लग्नातली गोष्ट

आता थोडं विषयांतर. खरं तर हाच विषय आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही नात्यातल्या एका लग्नाला पुण्याला गेलो होतो. आमची लेक आठ वर्षांची. पंगतीत वाढायला आलेल्यांना तिने मोठ्या आवाजात सांगितलं, "मला बटाट्याचं शाक वाढा." शेजारी बसलेले एक काका (नात्याने दूरचे, वयाने मोठे) खो खो हसले. म्हणाले, "शाक? अगं, भाजी म्हण! ही तुमची बडोद्याची मराठी म्हणजे निम्मी गुजराथी." मग बाजूच्या चौघांना बोलावून तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिने एकदा म्हटलं. परत सगळे हसले. दुसऱ्यांदा ती गप्प बसली.

काकांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून पुण्याचा व्हिडिओ कॉल आला की ती "हाय" म्हणून पळते. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. एकदा मी टोकलं, तर म्हणाली, "माझं मराठी चुकीचं आहे ना. इंग्लिश बरोबर आहे."

मंडळी, आमचे पणजोबा सयाजीरावांच्या दरबारी कचेरीत कारकून म्हणून बडोद्यात आले. चार पिढ्या इथे. घरात गणपती बसतो, पाडव्याला गुढी उभी राहते, आणि "चालेल" म्हणायचं तिथे तोंडातून "चालशे" निघून जातं. हे आम्ही ठरवून केलेलं नाही. आणि जे शंभर वर्षं घरात टिकलं, ते आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून एका पंगतीतल्या हसण्याने जाणार की काय, अशी मला खरोखर भीती वाटली.

काकांवरचा माझा राग दोन महिने उतरला नव्हता. आणि मग त्या रात्री 'द फकीर' ऐकून मी काय केलं? हसलो. सकाळी उठून नानांना बोलावलं, "ऐका, यांना असं वाटतं!" अगदी काकांसारखं. हे लक्षात आलं तेव्हा जरा ओशाळलोच.

पण चूक तर चूकच ना?

आता वकिली करायची म्हणून खोटं बोलणार नाही. 'सेव्हरल शेड्स ऑफ जेड'मधला 'पूर्व' हा पुष्कळसा नाटकातला पडदा आहे. नावंच बघा : फकीर, चेरी ब्लॉसम्स, बोर्निओ, टोकियो, पीत नदी, साहिब. अख्खा आशिया एका ताटात! ब्राझीलच्या बोसा नोव्हाची लाट नुकतीच अमेरिकेत येऊन गेली होती, त्यातली गाजलेली 'जॅझ सांबा' (१९६२) ही रेकॉर्डही याच कंपनीची, याच निर्मात्याची. पुढचा परदेशी स्वाद शोधला जात होता, असं मला तरी वाटतं. पुढच्या वर्षी 'ब्रीझ फ्रॉम द ईस्ट' नावाची दुसरी रेकॉर्डही आली.

त्याच काळात दुसरे लोक याच वाटेवर जास्त खोल गेले होते. युसेफ लतीफची 'ईस्टर्न साउंड्स' १९६१ची. १९६२ मध्ये रविशंकरांनी बड शँक या जॅझ बासरीवादकाला सोबत घेऊन 'इम्प्रोव्हिजेशन्स' केली. अली अकबर खाँ तर १९५५ पासूनच अमेरिकेत ऐकवत होते. खरा माल दुकानात उपलब्ध होता, असं म्हणा ना.

आणि ही 'पूर्वे'ची नाटकं जुनी आहेत. त्यात आमच्या बडोद्याचाही एक धागा आहे. १८८६ साली सयाजीरावांनी गायनशाळा काढली, आज सूरसागरजवळ जे संगीत महाविद्यालय आहे त्याचं मूळ. तिचे पहिले प्रमुख मौलाबक्ष. त्यांचे नातू इनायत खाँ बडोद्यातच जन्मले, वीणा वाजवायचे, आणि १९१० साली भावांना घेऊन अमेरिकेला गेले. तिथे त्यांना काय करावं लागलं? रूथ सेंट डेनिस नावाच्या नर्तिकेच्या 'पौर्वात्य' नाचांना साथ. म्हणजे घराण्याचं संगीत घेऊन गेलेला माणूस दुसऱ्याच्या कल्पनेतल्या हिंदुस्थानाच्या पडद्यामागे बसला. ते काही त्यांना रुचलं नाही. पुढे ते सूफी गुरू म्हणून जगभर ओळखले गेले आणि वीणा मागे पडली.

पण आपणही काही कमी नाही बरं का. 'हावडा ब्रिज' (१९५८) मधलं 'मेरा नाम चिन चिन चू' आठवा. त्यातला चीन कुठल्या नकाशावर आहे? आपण हा प्रश्न कधी विचारत नाही, कारण गाणं फक्कड आहे.

याच रेकॉर्डवरचं 'चायना नाइट्स' तर या सगळ्याचा कळस. नाव चीनचं, पण गाणं जपानी, १९३८चं, म्हणजे जपानने चीनवर मोठी चढाई केली त्याच्या पुढच्या वर्षीचं. जपानच्या कल्पनेतल्या चीनचं हे गाणं महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी ऐकलं आणि घरी नेलं. मग ते अर्जेंटिनाच्या माणसाने बांधलं आणि स्वीडिश वंशाच्या माणसाने वाजवलं. यात 'अस्सल' कुठून शोधणार?

मग पडदा आणि घर यांत फरक काय? मी ही रेकॉर्ड आठवडाभर ऐकली आणि मला सापडलेलं उत्तर असं. जेडरने या रेकॉर्डवर दोन गोष्टी उसन्या घेतल्या आहेत. एक पूर्व, दुसरी क्युबा. पूर्व त्याने काही दिवसांपुरती घेतली, भाड्याच्या पोशाखासारखी. ती बहुतेक वाद्यवृंदाच्या मांडणीत आहे, घंटांमध्ये, बासऱ्यांमध्ये, नावांमध्ये. पण क्युबाचा ताल त्याने १९५४ पासून रोज अंगावर घातलेला होता, जाणत्यांच्या शेजारी बसून, चुका करत. तो त्याच्या हातात आहे. वाद्यवृंद 'चीन, चीन' म्हणत असतो तेव्हाही त्याच्या काठ्या कुठल्या क्षणी पडतात आणि कुठल्या क्षणी मुद्दाम उशीर करतात, ते ऐका. तिथे नाटक नाही. उसनं घेतलेलं घरचं झालेलं आहे.

'टोकियो ब्लूज'मध्ये हे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. ती होरेस सिल्व्हरची रचना, जपानचा दौरा करून आल्यावर १९६२ साली त्याने केलेली. नाव टोकियोचं, पण पोटात लॅटिन ठेका. तिथे जेडर एकदम घरी आल्यासारखा वाजवतो.

पेटीचंही तेच झालं ना? युरोपातून आलेलं वाद्य. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर तिला बंदी होती, कारण ती 'आपली' नाही. पण तोवर गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हातून ती मराठी नाटकात इतकी मुरली होती की आज पेटीशिवाय नाट्यपद ही कल्पनाच करवत नाही. वाद्य कुठून आलं याला महत्त्व आहेच, पण त्याच्यासोबत किती वर्षं काढली याला जास्त.

ऐकायचं कसं?

कामाच्या वेळी मागे लावून ठेवू नका. आधी 'टोकियो ब्लूज' ऐका, म्हणजे जेडर कोण ते कळेल. मग 'चायना नाइट्स', मघाची साखळी लक्षात ठेवून. मग 'चेरी ब्लॉसम्स', दिवे कमी करून, स्वर कसा विरतो त्याकडे लक्ष देत. 'द फकीर' शेवटी. तेव्हा हसू आलं तर हसा, पण नानांसारखं पूर्ण ऐकून.

आवडलं तर पुढची पायरी 'सोल सॉस', त्याची सर्वांत गाजलेली रेकॉर्ड, १९६५ची. आणि त्याआधी एक छोटा अभ्यास. तीनताल धरा, सोळा मात्रा. आता १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर टाळी वाजवा. यालाच क्युबात क्लावे म्हणतात, त्यांच्या संगीताचा कणा. गंमत म्हणजे आपल्या तीनतालाच्या १ आणि १३ च्या टाळ्या त्यात जशाच्या तशा सापडतात. नाना आणि लेक दोघांनी मिळून हे केलं. एक तीनताल देतो, दुसरी क्लावे. ती चुकायची, नाना पुन्हा सम दाखवायचे. तिसऱ्या दिवशी जमलं.

जेडर शेवटपर्यंत लॅटिन संगीतच वाजवत राहिला. १९८०च्या 'ला ओंडा वा बिएन'ला ग्रॅमी मिळालं. आणि १९८२च्या मे महिन्यात, दौऱ्यावर असताना, हृदयविकाराने गेला. कुठे? मनिलाला. तरुणपणी ज्या समुद्रावर युद्ध पाहिलं आणि मध्यंतरी ज्या पूर्वेचे पडदे रंगवले, तिथेच, खऱ्याखुऱ्या पूर्वेत.

लेकीचं काय झालं? सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. पुण्याचा फोन आला की ती अजून दारामागेच असते. मी तिला जेडरची गोष्ट सांगितली. स्वीडन, क्युबा, चीन, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्याला कोणी हसलं का?" म्हटलं, "हो. मी हसलो." ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सॉरी म्हण ना त्याला." आता मनिलात गेलेल्या माणसाला कसं सांगणार! म्हणून हे सदर लिहिलं. पुण्याच्या काकांनाही फोन करायचा आहे, भांडायला नाही, तिच्याशी बोला म्हणायला. तेवढं अजून बाकी आहे.

काल रात्री स्वयंपाकघरातून मात्र आवाज आला, "आई, शाक कसलं आहे?" मी काही बोललो नाही, ताट घेतलं.

मंडळी, तुमच्या घरातही असा एखादा शब्द असेल, इंदूरचा, ग्वाल्हेरचा, बेळगावचा, हैदराबादचा, ज्याला बाहेर कोणीतरी हसतं. तो जरूर लिहून पाठवा. पुढच्या महिन्यात आपण जलतरंग ऐकू. नानांनी आतापासूनच वाट्या काढून ठेवल्या आहेत.